फोटो त्यांचा, नाव त्यांचं, माणूस मात्र दुसराच: या चुका टाळा

अमळनेरात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीच्या गर्दीत आठवड्यातून एखादा माणूस तरी घाबराघुबरा येतो आणि म्हणतो, "भो, मनं फेसबुक हॅक व्हई गयं."

बहुतेक वेळा ते हॅक झालेलंच नसतं, आणि पहिली चूक इथंच होते. कुणीतरी तुमचा फोटो आणि नाव उचलून दुसरं खातं उघडलेलं असतं, तुमचं खातं होतं तसंच असतं. मग तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदला, त्या नकली खात्याला ढिम्म फरक पडत नाही. म्हणून आधी एवढंच तपासा: तुम्हाला तुमच्या खात्यात जाता येतंय का? तुम्ही न पाठवलेले मेसेज तुमच्याच खात्यातून गेलेत का? आत जाता येतंय आणि सगळं जागच्या जागी आहे, तर ती नक्कल आहे. तिचा उपाय पासवर्ड नसून तक्रार हा आहे. तुमच्याच खात्यातून मेसेज गेले असतील तर मात्र कुणीतरी आत शिरलंय. तेव्हा पासवर्ड बदला आणि जिथं जिथं खातं उघडं आहे तिथून लॉगआउट करा.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला. त्याला चेहरा, चालणं, बोलणं, जुन्या आठवणी, सगळंच जुळवावं लागलं असेल. आज तुमचा तोतया व्हायला पाच मिनिटं लागतात. फोटो तुम्हीच टाकलेला असतो, नाव कुणीही लिहू शकतो, आणि मित्रांची यादी उघडी असते. ते नाव खरं की खोटं, हे खातं उघडताना सहसा कुणी विचारत नाही. लोकांना हे पटत नाही. "एवढ्या मोठ्या कंपनीनं पाहिलंच असेल ना?" असं विचारतात. नाही पाहत.

दुसरी चूक डीपी पाहून माणूस ओळखण्याची. आमच्याकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावानं असंच खातं निघालं. त्यांचे विद्यार्थी सुरत, पुणे, नाशिक असे पांगलेले. सगळ्यांना एकच मेसेज गेला: "हॉस्पिटल में हूँ, दस हजार भेज दो, शाम को लौटा दूँगा." गुरुजींवरच्या मायेपोटी सुरतेच्या दोघांनी लगेच पैसे टाकले. धुळ्याचा एक मात्र थबकला. गुरुजी आपल्याशी हिंदीत कधी बोलले? त्यानं आमच्या अहिराणीत विचारलं, "गुरुजी, तुम्ही कथा शेतस?" म्हणजे कुठे आहात? उत्तर आलं, "हिंदी में बोलो." त्यानं फोन लावला, तर गुरुजी घरी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या पंगतीत मांडे खात बसलेले.

ज्यांनी पैसे टाकले ते मूर्ख नव्हते, हे मला इथं ठासून सांगायचंय. गुरुजी अडचणीत आहेत म्हटल्यावर ज्याचा हात खिशाकडे जातो, तो भला माणूस. तोतया नेमका त्या भलेपणावरच डाव टाकतो. म्हणून फसलेल्याला घरात बोल लावू नका. बोलण्यांच्या भीतीनं लोक गप्प बसतात आणि मोलाचे तास निघून जातात.

अहिराणीनं त्या दिवशी वाचवलं, पण तिच्यावरही कायमचं विसंबू नका. आता यंत्राकडून आवाजाची नक्कलसुद्धा करून घेता येते. खरी खात्री एकाच वाटेनं होते: मेसेज जिथून आला तिथं न विचारता, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर साधा फोन लावायचा. मेसेजमधून "हा माझा नवा नंबर" म्हणून आला असेल तर जुन्यावर लावा. नाही लागला तर घरच्यांना विचारा. व्हॉट्सॲपवर विचारून उपयोग नाही, कारण कधीकधी व्हॉट्सॲपच चोराच्या हातात असतं.

ते कसं जातं तेही सांगतो. ओळखीच्या नावानं मेसेज येतो, "माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव." तो सहा आकडी कोड तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली असतो. दिला असेल तर रडत बसू नका. आपल्या नंबरनं पुन्हा नोंदणी करा, नवा कोड टाका, की चोर बाहेर पडतो. त्यानं मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोवर तोही आत नसतो. नंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे कोडवर आणखी तुमचा स्वतःचा पिन, लावाच.

ईमेलचंही तसंच. पाठवणाऱ्याचं नाव पाठवणाराच लिहितो, तेव्हा नावाखालचा पत्ता वाचा. बँकांच्या वेबसाइटसाठी रिझर्व्ह बँकेनं आता 'डॉट बँक डॉट इन' हा शेवट ठरवून दिलाय. लिंकमधलं वेबसाइटचं नाव तसं संपत नसेल तर तिथं काही भरू नका.

तक्रार करताना होणारी चूक म्हणजे नुसता स्क्रीनशॉट घेऊन येणं. तोतया नाव बदलू शकतो, म्हणून प्रोफाइलची लिंक हवी. त्यानं तुम्हालाच ब्लॉक केलेलं असेल तर ती मित्राकडून मागवा. मग प्रोफाइलवरची तीन टिंबं दाबून रिपोर्ट करा आणि कुणाचं सोंग घेतलंय ते सांगा. मित्रांनाही करायला लावा. घाईत स्वतःचं खरं खातं मात्र पुसू नका, नाहीतर लोकांसमोर फक्त नकलीच उरेल.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडण्याची शक्यता जास्त. "उद्या बाजाराच्या दिवशी जाऊ पोलिसात" असं करू नका. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गुरुजींचं नकली खातं बंद झालं आणि आठवड्याभरात दुसरं निघालं, कारण मित्रांची यादी तशीच उघडी होती. ती 'फक्त मी'वर आणली, प्रोफाइल लॉक केलं. सुरतेच्या त्या दोघांना मात्र गुरुजींनी स्वतः फोन केला.