क्रूझरवेट गटातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी कशी लावावी

पुण्यातील शुक्रवार पेठेत तालमीच्या ओट्यावर एखाद्या पैलवानाचे नाव निघाले, की जुनी माणसे सर्वांत आधी विचारतात ते हे, की त्याने कोणाला चितपट केले आणि ती कुस्ती कोणाच्या गावात झाली. त्याच्या घरी गदा किती आहेत, हा प्रश्न नंतर येतो. कॅम्पातील एका इराणी हॉटेलात आम्ही पाच-सहा मुष्टियुद्धप्रेमी रविवारी सकाळी जमतो. गेल्या पावसाळ्यात प्रत्येकाने क्रूझरवेट गटातील पहिल्या दहांची यादी लिहून आणायची असे ठरले, तेव्हा सहा याद्या सहा तऱ्हांच्या निघाल्या. कोणी विजेतेपदे मोजली होती, कोणी नॉकआउट, तर कोणी पुढे हेवीवेट गटात गाजलेल्या नावांना वरच्या जागा देऊन टाकल्या होत्या. त्या दिवशी मला ओट्यावरचा तो प्रश्न आठवला, आणि त्याच्या आधारे मी माझी यादी पुन्हा लिहिली. तिची रीत पुढे देत आहे.

आधी गटाची हद्द ठरवावी

क्रूझरवेट हा मुष्टियुद्धातील तरुण गट आहे. लाइट हेवीवेटची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९.४ किलो, आणि त्यापुढे थेट हेवीवेट, अशी रचना अनेक दशके होती. हेवीवेटमधील माणसे अंगापिंडाने वाढत गेली आणि ८५ किलोच्या आसपासच्या मुष्टियोद्ध्याला १०० किलोच्या माणसासमोर उभे राहावे लागू लागले, तेव्हा वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने (डब्ल्यूबीसी) हा मधला गट सुरू केला. त्याची पहिली जागतिक लढत डिसेंबर १९७९ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील स्प्लिट येथे मार्विन कॅमेल आणि माटे पार्लोव्ह यांच्यात झाली आणि ती बरोबरीत सुटली. मार्च १९८० मधील दुसऱ्या लढतीत कॅमेल जिंकला आणि या गटाचा पहिला विजेता ठरला. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनने १९८२ मध्ये आणि इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने १९८३ मध्ये आपापले विजेते निवडले; वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनची (डब्ल्यूबीओ) त्यात भर पडली ती १९८९ मध्ये.

या इतिहासातून दोन नियम निघतात. पहिला असा, की १९७९ पूर्वीच्या कोणालाही या यादीत घेऊ नये. जुन्या काळचे अनेक हेवीवेट विजेते आजच्या मोजमापाने क्रूझरवेट ठरले असते, हे खरे आहे. परंतु जो गट अस्तित्वातच नव्हता त्यात त्यांनी कोणाला हरवले असते, याचा हिशेब कल्पनेनेच करावा लागतो. दुसरा नियम वजनाचा आहे. सुरुवातीच्या काळात मर्यादा मुख्यतः १९० पौंड, म्हणजे सुमारे ८६ किलो, होती आणि २००३ च्या सुमारास ती २०० पौंडांवर, म्हणजे ९०.७ किलोवर गेली. साडेचार किलोंचा हा फरक किरकोळ मानू नये. इव्हँडर होलीफिल्ड आणि ओलेक्सांडर उसिक यांची समोरासमोर कल्पना करताना दोघांच्या काळचा काटा वेगळा होता, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून मी प्रत्येकाला आधी त्याच्या काळातील समकालीनांशी तोलतो आणि दोन काळांची तुलना अगदी शेवटी करतो.

गटाबाहेरचे यश गटाबाहेरच ठेवावे

आमच्या सहा याद्यांतील निम्मे घोळ याच ठिकाणी झाले होते. या गटातील सर्वोत्तम माणसे येथे फार काळ थांबत नाहीत. पैसा आणि प्रसिद्धी हेवीवेटमध्ये अधिक असल्याने ती वर निघून जातात. होलीफिल्डने ऑक्टोबर १९९० मध्ये बस्टर डग्लसला हरवून हेवीवेटचे निर्विवाद, म्हणजे प्रमुख संघटनांचे एकत्रित, विजेतेपद मिळवले, आणि उसिकने मे २०२४ मध्ये रियाध येथे टायसन फ्युरीला हरवून तेच साधले. या दोन्ही पराक्रमांबद्दल मला नितांत आदर आहे, परंतु क्रूझरवेटच्या वहीत त्यांची नोंद एका ओळीचीही होता कामा नये. जेम्स टोनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. मिडलवेटपासून वर चढत आलेल्या टोनीने एप्रिल २००३ मध्ये कझाकस्तानच्या वासिली जिरोव्हला, जो १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता होता आणि तोवर अपराजित होता, बाराव्या फेरीत खाली पाडून गुणांवर हरवले. ही लढत या गटातील सर्वांत देखण्या लढतींपैकी एक आहे. मात्र त्यानंतर टोनी लगेच हेवीवेटमध्ये गेला. केवळ एका विजेतेपदाच्या लढतीवर त्याला पहिल्या पाचांत बसवणारी यादी टोनीच्या एकूण कीर्तीला मान देते. या गटाचा विचार तिच्यात उरत नाही.

समोर कोण होता आणि त्या दिवशी कसा होता

क्रमवारीचा कणा येथे आहे, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. प्रत्येक मुष्टियोद्ध्याचे या गटातील चार-पाच मोठे विजय लिहावेत आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: प्रतिस्पर्ध्याचा त्या दिवसापर्यंतचा जय-पराजय, त्याचे तेव्हाचे वय व आधीच्या दोन-तीन लढतींतील कामगिरी, आणि लढतीचे ठिकाण. बॉक्सरेक या संकेतस्थळावर यातील बहुतेक माहिती मिळते.

प्रतिस्पर्ध्याचे नाव मोठे असले, की फसगत होते. ड्वाइट मुहम्मद कावीने मार्च १९८६ मध्ये लिऑन स्पिंक्सला हरवले. स्पिंक्स म्हणजे १९७८ मध्ये मुहम्मद अलीला हरवणारा माणूस. पण तो विजय आठ वर्षांपूर्वीचा होता आणि १९८६ मधील स्पिंक्स उतरणीला लागलेला होता. त्यामुळे कावीच्या खात्यात हा विजय लहानच धरावा. उलट, होलीफिल्डने जुलै १९८६ मध्ये कावीला हरवले तेव्हा कावी लाइट हेवीवेटचा माजी विजेता आणि क्रूझरवेटचा विद्यमान विजेता होता, आणि होलीफिल्डची ती केवळ बारावी व्यावसायिक लढत होती. अटलांटात, होलीफिल्डच्याच गावात, झालेली ती पंधरा फेऱ्यांची झुंज पंचांच्या विभाजित निर्णयाने, म्हणजे तिघांपैकी दोघांच्या कौलाने, सुटली. या गटातील सर्वोत्तम लढत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी आजही याच लढतीचे नाव घेतो. डिसेंबर १९८७ मध्ये दोघे पुन्हा भेटले तेव्हा होलीफिल्डने चौथ्या फेरीतच नॉकआउट केले. दरम्यान त्याने हेन्री टिलमन, रिकी पार्की आणि ऑसी ओकासिओ यांना हरवले होते, आणि एप्रिल १९८८ मध्ये कार्लोस डी लिऑनला आठव्या फेरीत थांबवून तो या गटाचा पहिला निर्विवाद विजेता झाला. विजेतेपदाच्या सहा लढती, सहा विजय, त्यांपैकी पाच मुदतीपूर्वी, आणि हे सारे दोन वर्षांच्या आत.

आता उसिकची वही उघडावी. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने ग्दान्स्क येथे पोलंडच्या अपराजित क्षिश्तोफ ग्वोवात्स्कीला हरवून विजेतेपद मिळवले, तेही अवघ्या दहाव्या लढतीत. पुढे वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीज या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्याने बर्लिन येथे मार्को हुकला दहाव्या फेरीत थांबवले, जानेवारी २०१८ मध्ये रिगा येथे लाटव्हियाच्या अपराजित मैरिस ब्रिएडिसला ११४-११४, ११५-११३, ११५-११३ अशा निसटत्या फरकाने हरवले, आणि २१ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत अपराजित मुरात गासिएव्हला बारा फेऱ्या असे खेळवले, की एका पंचाने १२०-१०८ आणि उरलेल्या दोघांनी ११९-१०९ असे गुण दिले. त्या रात्री चारही संघटनांचे पट्टे, म्हणजे विजेतेपदे, एकत्र आले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर येथे इंग्लंडच्या टोनी बेल्यूला त्याने आठव्या फेरीत नॉकआउट केले. ठिकाणांची नावे पुन्हा एकदा वाचावीत. प्रत्येक वेळी उसिक दुसऱ्याच्या अंगणात गेला, तेथील प्रेक्षकांच्या आरोळ्यांत लढला आणि पट्टे घेऊन परतला. दुसऱ्या गावच्या जत्रेत जाऊन तिथल्या मल्लाला पाडणे म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पट्टे मोजावेत, पण तोलूनही घ्यावेत

चार संघटना असल्याने एकाच वेळी चार विजेते असू शकतात आणि दीर्घकाळ विजेतेपद राखणारा माणूस त्या काळात सर्वोत्तम होताच, असे नाही. इंग्लंडच्या जॉनी नेल्सनने १९९९ ते २००५ या काळात डब्ल्यूबीओचे विजेतेपद तेरा वेळा राखले, आणि हुकनेही २००९ पासून पुढे त्याच पट्ट्याबाबत नेमकी तेवढीच मजल मारली. सातत्य हा मोठा गुण आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. तरीही त्या वर्षांत उरलेल्या तीन पट्ट्यांचे धनी या दोघांच्या समोर आले नाहीत, शिवाय हुकच्या बहुतेक लढती जर्मनीतच झाल्या, हे नोंदवल्याशिवाय तेराचा आकडा अपुरा राहतो. पोर्टो रिकोच्या डी लिऑनचे प्रकरण निराळे आहे. १९८० ते १९८९ या काळात त्याने डब्ल्यूबीसीचे विजेतेपद चार वेळा मिळवले. चार वेळा मिळवले याचा अर्थ मधे तीन वेळा गमावलेही. परंतु गमावलेले परत मिळवण्याची ती जिद्द गटाच्या कोवळ्या वयात फार मोलाची होती, आणि मी त्याला या कारणासाठी वरची जागा देतो.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे तो डेव्हिड हे (Haye). नोव्हेंबर २००७ मध्ये पॅरिसजवळ झालेल्या लढतीत चौथ्या फेरीत खाली पडूनही तो उठला आणि सातव्या फेरीत त्याने जाँ-मार्क मॉरमेकला थांबवले. मार्च २००८ मध्ये लंडनला त्याने एन्झो मॅकरिनेलीला दुसऱ्याच फेरीत संपवले आणि तीन पट्टे एकत्र केले. लगेच तो हेवीवेटकडे वळला. कारकीर्द आखूड, परंतु दोन्ही वेळा समोर विद्यमान विजेता उभा होता. २००४ मध्ये कार्ल थॉम्प्सनने त्याला पाचव्या फेरीत थांबवले होते, तो पराभवही वहीत हवाच.

स्वतः पाहावे आणि स्वतः गुण द्यावेत

कागदावरचा हिशेब झाल्यावर प्रत्येक उमेदवाराच्या किमान दोन पूर्ण लढती पाहाव्यात: एक त्याच्या सर्वोत्तम विजयाची आणि एक पराभवाची किंवा अटीतटीची. निवडक ठोशांच्या चित्रफिती पाहून मत बनवू नये, कारण त्यांत चुकलेले ठोसे आणि दमलेले पाय दिसत नाहीत. समालोचनाचा आवाज बंद ठेवावा. समालोचकाचा उत्साह नकळत आपल्या गुणांत शिरतो. फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ गुण द्यावेत, खाली पडल्यास सहसा आणखी एक गुण वजा करावा, आणि प्रत्येक फेरी संपताच आकडा लिहून टाकावा. पायांची ठेवण, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), पोटावरचे ठोसे आणि शेवटच्या तीन फेऱ्यांतील दम, या चार गोष्टींवर मी स्वतः लक्ष ठेवतो. उसिक डावखुरा आहे. त्याचा उजवा जॅब आणि सतत बाहेरच्या बाजूला सरकणारा पाय गासिएव्हला ठोशाच्या टप्प्यात येऊच देत नाही, हे आवाज बंद करून पाहिल्यावर मला पहिल्यांदा नीट उमगले.

ज्यांना हे बारकावे कळणे कठीण वाटते, त्यांनी एखाद्या स्थानिक स्पर्धेला जाऊन रिंगजवळ बसून पाहावे. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आपल्याच शहरात आहे आणि मुष्टियुद्धाचे सराव वर्ग पुण्यात बरेच आहेत. पडद्यावर सौम्य वाटणारा पोटावरचा ठोसा जवळून ऐकला, की गुण देण्याची दृष्टी बदलते.

जोड्या लावून क्रम बसवावा

दहा नावे एकदम उतरवू नयेत. दोन नावे शेजारी ठेवावीत, वरच्या कसोट्यांवर एकाला वर ठेवावे, मग तिसरे नाव आणून त्याची तुलना दोघांशी करावी. मला सर्वांत जास्त वेळ लागला तो उसिक आणि होलीफिल्ड यांच्यात. होलीफिल्डचे नॉकआउट अधिक आहेत आणि कावीबरोबरची पहिली लढत उसिकच्या कोणत्याही एका लढतीपेक्षा मोठी आहे. तरी तीन अपराजित विजेते, चार पट्टे आणि परमुलखात जिंकलेल्या लढती यांमुळे मी उसिकला पहिला आणि होलीफिल्डला दुसरा क्रमांक देतो. तिसरा डेव्हिड हे, चौथा डी लिऑन. पाचव्या जागेवर मी ब्रिएडिसला ठेवतो, कारण उसिकला त्याच्याइतके कोणी जेरीस आणले नाही आणि २०२० मध्ये म्युनिक येथे युनिएल डॉर्टिकोसला हरवून त्याने सुपर सिरीजचे दुसरे पर्व जिंकले. त्यानंतर कावी, जिरोव्ह, हुक, नेल्सन आणि शेवटी तोमाश अदामेक. डिसेंबर २००८ मध्ये अदामेकने स्टीव्ह कनिंगहॅमला तीनदा खाली पाडूनही विभाजित निर्णयानेच विजय मिळवला होता. ही लढत ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जरूर पाहावी. क्यूबाच्या हुआन कार्लोस गोमेझला दहांबाहेर ठेवताना मला वाईट वाटले, आणि सहाव्या ते दहाव्या क्रमांकात कोणी अदलाबदल केली तर मी फारसा भांडणार नाही.

अजून लढत असलेल्यांची नावे वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहावीत. माझ्या त्या पानावर सर्वांत वर ऑस्ट्रेलियाचा जय ओपेटाइया आहे. जुलै २०२२ मध्ये जबडा मोडलेला असताना त्याने ब्रिएडिसला बारा फेऱ्यांत हरवले आणि मे २०२४ मध्ये पुन्हा एकदा. इतर पट्ट्यांचे धनी त्याच्या समोर आले आणि त्याने त्यांना हरवले, तर त्याच दिवशी हे नाव शाईने पुढच्या पानावर घ्यावे लागेल. तोवर ते मागेच राहील.