मेडिकलच्या काउंटरवरची 2020 ची दिवाळी: नव्या फार्मासिस्टांसाठी

डी. फार्म.ची (फार्मसी डिप्लोमाची) दोन वर्षं झाली की 500 तासांचं प्रशिक्षण येतं. बहुतेक मुलं त्यासाठी मोठ्या हॉस्पिटलचं किंवा एसी दुकानाचं काउंटर शोधतात. मला विचाराल तर पेठेतल्या मेडिकलमध्ये करा, आणि जमलं तर दिवाळीच्या आधीचा महिना त्यात येईल असं बघा. मी सोलापुरात साखर पेठेच्या बाजूला एका मेडिकलमध्ये रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे. कोरोनातली पहिली दिवाळी याच काउंटरवर काढली. तो काळ म्हटला की लोकांना मास्क, सॅनिटायझर आणि व्हिटॅमिन सी आठवतं. आमच्या डोक्याला घोर मात्र रोजच्या गोळीचा होता: बीपीची, शुगरची, थायरॉइडची, फिटची. ताप आलेला माणूस स्वतःहून दुकानात येतो. जिची बीपीची गोळी संपली आहे ती बाई ‘दिवाळी झाल्यावर बघू’ म्हणून घरीच बसते.

त्या वर्षी तारखाही अवघड पडल्या होत्या. 14 नोव्हेंबरला, शनिवारी, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. मग रविवार. सोमवारी, 16 तारखेला, पाडवा आणि भाऊबीज एकत्र. म्हणजे होलसेलर सलग तीन दिवस बंद, डॉक्टर गावाला आणि पुण्याहून येणारा माल ट्रान्सपोर्टमध्ये अडकलेला. वसुबारसेच्या आत जे कपाटात आलं त्यावरच सोमवारपर्यंत निभवायचं होतं.

आमच्या मालकांनी, अण्णांनी, जुलैमध्ये शहरात 16 ते 26 तारखेचा कडक लॉकडाऊन लागला तेव्हाच एक वही घातली होती. नाव, फोन, रोजचं औषध, ताकद (किती मि.ग्रॅ. ते), आणि गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, कधी संपणार ती तारीख. दिवाळीच्या आधी त्या वहीवरून आम्ही एकेकाला फोन केले. ‘काकू, तुमची गोळी तेरा तारखेला संपतेय, आत्ताच घेऊन जा.’ कॉम्प्युटर असला तरी अशी वही ठेवा. सॉफ्टवेअर काय विकलं ते सांगतं, कुणाचं काय संपत आलंय ते आपण मुद्दाम बघावं लागतं. ऑर्डर लावताना पहिलं प्राधान्य फिटच्या औषधांना द्या. फेनिटॉइन किंवा सोडियम व्हॅल्प्रोएट अचानक बंद झालं तर झटका येऊ शकतो, आणि सणाच्या रात्री तो घरच्यांना सावरणं कठीण जातं. त्यानंतर इन्सुलिन, दम्याचे पंप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. भाजल्यावर लावायचं मलम आणि ॲसिडिटीची पावडर दिवाळीत खपतेच, पण ती शेवटी लिहिली तरी चालते.

जुन्या चिठ्ठ्यांचा प्रश्न त्या वर्षी सगळ्यात जास्त आला. एप्रिल-मेमध्ये बरेच दवाखाने बंद होते, नंतरही म्हातारी माणसं बाहेर पडायला घाबरत होती. चिठ्ठी वर्षापूर्वीची, गोळी तीच चालू. अशा वेळी ‘नवीन चिठ्ठी आणा’ म्हणून माणूस परत पाठवणं सोपं असतं, आणि काही न विचारता देऊन टाकणं त्याहून सोपं. आम्ही डॉक्टरांना फोन लावायचो. बीपी शेवटचं कधी मोजलं, पाय सुजतात का, चक्कर येते का, हे पेशंटकडून विचारून घ्यायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. त्यांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली की औषध द्यायचं. ब्रँड मिळत नसेल तेव्हाही तसंच. घटक एकच आहे म्हणून आपल्या मनाने पाकीट बदलून देऊ नका. डॉक्टरांना विचारा आणि पेशंटला दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून दाखवा. नाहीतर तो घरी जुनीही खातो आणि नवीही.

आमच्याकडे विडी कामगार बायका खूप येतात. आठवड्याचा पगार हातात आला की औषध. पूर्ण पत्ता घेणं प्रत्येकीला परवडत नाही. ‘ताई, पाचच काढून द्या.’ त्यावर्षी यंत्रमागाचं काम महिनोन्‌महिने बंद राहिलेलं, घरात दुसरी कमाई नाही, त्यामुळे तीन गोळ्यांवर आलेल्याही होत्या. इथे एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिका. पत्ता कापताना ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते ते टोक दुकानात राहायला हवं, उलट बाजूने कापायचं. मग गिऱ्हाइकाच्या हातात पडलेल्या तुकड्यावर काहीच नसतं, फक्त चांदीचा कागद. म्हणून कागदी पाकिटावर औषधाचं नाव, ताकद, एक्सपायरी आणि वेळ लिहायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी सकाळच्या गोळीला सूर्य काढते आणि रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. जेवणानंतर घ्यायची असेल तर शेजारी ताटली. मग त्यांच्याकडूनच परत वदवून घेते: ‘अक्का, सांगा बरं, ही कधी घेणार?’ सांगताना चुकल्या तर पाकीट पुन्हा समजावते. पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट रस्त्याने येणारे पुष्कळजण कन्नड. सकाळ, दुपार, रात्र, जेवणाआधी, जेवणानंतर एवढं दोन्ही भाषांत बोलता आलंच पाहिजे. गर्दीत मास्कमधून मराठीत ओरडून काही पोचत नाही.

तापाच्या गिऱ्हाइकाबद्दल मी जरा कडक आहे. दिवाळीच्या त्या आठवड्यात ‘अंग कसकसतंय, काहीतरी द्या, भाऊबीजेला बहीण येणार आहे’ असं म्हणणारे रोज असायचे. तपासणी नको, कारण पॉझिटिव्ह निघालो तर सणात घर बंद. त्यांना रागवून उपयोग नाही. मी दोनच प्रश्न विचारायचे: तोंडाला चव, नाकाला वास आहे का? घरात साठीच्या पुढचं कोण आहे? दुसऱ्या प्रश्नाला माणूस थांबायचा. मग महापालिकेच्या दवाखान्यात कुठे तपासणी होते ते सांगायचं, आणि तोवर पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉल देतानाही विचारायचं की सर्दीची कुठली गोळी चालू आहे का, कारण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत तेच असतं आणि दोन्ही मिळून डोस दुप्पट होतो.

त्यापुढचं मात्र चिठ्ठीशिवाय नाही. जून 2020 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कोरोनात उपयोगी पडतं अशी बातमी आल्यापासून लोक ते नाव घेऊन मागायला येत होते. ते ऑक्सिजनवर असलेल्या गंभीर पेशंटसाठी आहे. घरच्या घरी घेतलं तर शुगर भडकते. तेव्हा कोरोनासाठी दिलं जाणारं फॅव्हिपिरॅव्हिर चिठ्ठीवर यायचं, तेव्हा वेळ देऊन समजावावं लागायचं. 200 मि.ग्रॅ.ची गोळी आणि पहिल्या दिवशी 1800 मि.ग्रॅ. दोनदा, म्हणजे एका वेळी 9 गोळ्या. लोकांना वाटायचं चिठ्ठीत चूक आहे, आणि भीतीने एकच खायचे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीला मार्च 2020 मध्येच शेड्युल एच1 चे नियम लागू झाले होते. एच1 म्हणजे चिठ्ठीवरच आणि वहीत नोंद करूनच विकायच्या औषधांची सरकारी यादी. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स आधीपासून त्यात आहेत. एच1 ची वही वेगळी: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग. तीन वर्षं जपून ठेवायची. गर्दीत ‘नंतर भरू’ म्हणाल तर रात्री निम्मी नावं आठवत नाहीत. बिल होतानाच भरा.

ऑक्सिमीटर विकलात तर वापरून दाखवा. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी बोट तपासून गेल्यामुळे ‘ऑक्सिजन किती’ हे सगळ्यांना माहीत झालं होतं, पण यंत्र नीट लावणं फार थोड्यांना. सणाला नेलपॉलिश लावलेलं असतं, पहाटेच्या आंघोळीनंतर बोटं गार पडलेली असतात, आकडा खोटा येतो. एका बोटाचं नेलपॉलिश पुसायचं, हात चोळून गरम करायचा, बसून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एवढं करूनही 94 च्या खाली दाखवत असेल तर डॉक्टर गाठायचे, सण असो नसो.

सॅनिटायझरचंही त्या दिवाळीत प्रत्येक बिलाबरोबर सांगत होतो. त्यात अल्कोहोल आहे. हाताला चोळून लगेच पणती किंवा फटाका पेटवू नका, त्या दिवसांत घरी साबण-पाणीच वापरा. लहान मुलांच्या आयांना तर दोनदा सांगायचो.

इन्सुलिन घेऊन माहेरी जाणाऱ्यांना थर्मासमध्ये बर्फ घालायची सवय असते. कुपी बर्फाला थेट टेकता कामा नये, कापडात गुंडाळा. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. दुकानातला फ्रीज 2 ते 8 अंशांत आहे का, हे सकाळ-संध्याकाळ बघून लिहून ठेवा, आणि त्यात दुसरं काही ठेवू देऊ नका. दिवाळीत लोक मिठाईचे डबे आणून देतात, जागा शोधता शोधता ते फ्रीजमध्ये जातात.

कामाचे तास मोठे आहेत, सुरुवातीचा पगार कमी आहे, आणि दिवाळीची सुट्टी वाटून घ्यावी लागते. आम्ही लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी आळीपाळीने घरी गेलो, शटर अर्धं उघडं ठेवून. धन्वंतरीची पूजा धनत्रयोदशीला काउंटरमागेच झाली. हे सगळं झेपणार नाही असं वाटत असेल तर बी. फार्म.कडे वळा, कंपनीत जा, त्यात कमीपणा नाही. पण सर्टिफिकेट भिंतीवर टांगायला देऊन महिन्याचे पैसे घेण्याच्या वाटेला जाऊ नका. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. तुमचं नाव टांगलेलं आणि पत्ता देणारा भलताच, यात चुकीची गोळी जाते ती आमच्या अक्कांसारख्या बाईच्या पदरात.

प्रशिक्षणासाठी दुकान ठरवायला जाल तेव्हा तिथे दहा मिनिटं गिऱ्हाईक म्हणून उभे राहा. चिठ्ठी कोण वाचतं ते बघा, कापलेल्या पत्त्याचं पाकीट लिहून मिळतं का ते बघा. मग आत जाऊन एच1 ची वही आणि फ्रीजच्या तापमानाची नोंद दाखवता का, असं विचारा. ज्या मालकाने दोन्ही लगेच पुढ्यात ठेवलं, त्याच्याकडे दुसऱ्या दिवसापासून जायला लागा.