रिमोट डेस्कटॉप जोडलं जात नाही? आधी पोर्ट तपासा

दूरच्या विंडोज मशीनचा पडदा आपल्याकडे उघडणारं रिमोट डेस्कटॉप जोडलं जात नसेल, तर नुसतं पिंग (मशीन उत्तर देतं का याची साधी चाचणी) लागतंय म्हणून रस्ता मोकळा आहे असं धरून चालू नका. रिमोट डेस्कटॉप टीसीपी ३३८९ पोर्टवर, म्हणजे मशीनच्या या क्रमांकाच्या दारावर चालतं, तेव्हा तोच तपासायचा. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन कमांडला पलीकडच्या मशीनचा पत्ता आणि हा पोर्ट द्या. उत्तर कसं येतं ते नीट बघा. लगेच नकार आला, तर बहुधा पलीकडे सेवाच बंद आहे. बराच वेळ नुसतं ताटकळत राहिलं, तर मधली फायरवॉल (नेटवर्कची राखणदार) पॅकेट, म्हणजे पाठवलेले डेटाचे तुकडे, गुपचूप टाकून देत असण्याची शक्यता जास्त. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून हीच चाचणी पास झाली, की दोष तुमच्याकडच्या नेटवर्कचा.

बाहेर जायला फक्त ४४३ हा सुरक्षित वेबसाइटचा (एचटीटीपीएस) पोर्ट उघडा असेल, तर रिमोट डेस्कटॉप गेटवे, म्हणजे पलीकडचा मधला सर्व्हर, हा सरळ उपाय. तो सगळं एचटीटीपीएसमधून नेतो. गेटवे नसेल, तर ४४३ वर ऐकणाऱ्या एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) सर्व्हरमधून टनेल, म्हणजे आडवाट, काढा: आपल्याकडचा ३३९० पलीकडच्या ३३८९ ला जोडायचा आणि रिमोट डेस्कटॉपच्या क्लायंटमध्ये पत्ता म्हणून लोकलहोस्ट:३३९० (लोकलहोस्ट म्हणजे आपलंच मशीन) टाकायचं. काही फायरवॉल नुसता पोर्टच नाही, तर आतला प्रोटोकॉलही (संवादाची पद्धत) ओळखतात. तिथे हा टनेलही अडतो. ऑफिसचं नेटवर्क असेल तर आधी ॲडमिनला विचारा. वैतागून राउटरवर ३३८९ मात्र जगाला उघडा करू नका, पासवर्डचे अंदाज लावणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) त्याच्याच शोधात असतात.