एम.ए. अर्थशास्त्रानंतर इनोव्हेशन आणि डिजिटल सहकार्यावर संशोधन: नाशिकमधून सुरुवात कशी करावी

नाशिकमध्ये एम.ए. केलेला विद्यार्थी संशोधनाकडे वळला की क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी नेट-सेट, मग गाइड, मग गाइडने सुचवलेला विषय, आणि कोर्सवर्क संपल्यावर डेटाची शोधाशोध. वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली माणसं ऑनलाइन एकत्र काम करतात तेव्हा नवं काय आणि किती निर्माण होतं, हा ज्यांचा प्रश्न आहे त्यांना हा क्रम फार महाग पडतो. इथे नुसता डेटा साफ करण्यात वर्ष जाऊ शकतं. ते वर्ष फेलोशिपच्या मुदतीतून जाण्यापेक्षा आधीच सुरू झालेलं बरं.

पहिलं काम म्हणजे विषयाचा प्रश्न करणं. "लघुउद्योगांवर डिजिटल सहकार्याचा परिणाम: नाशिक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यात तुलना कोणाशी, हे नाही आणि मोजायचं काय, हेही नाही. "अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यांनी ग्राहकाशी ड्रॉइंगची देवाणघेवाण ऑनलाइन केली, त्यांच्याकडे नवीन पार्टचं पहिलं सॅम्पल ते मंजुरी हा काळ किती दिवसांनी बदलला, आणि ज्यांनी तसं केलं नाही त्यांचा किती?" हा प्रश्न झाला. यात दिवस मोजता येतात आणि तुलनेचा गट दिसतो. शिवाय कुठे फसू शकतो तेही दिसतं: ऑनलाइन गेलेले कारखाने मुळातच मोठ्या ग्राहकांचे असतील, तर फरक ग्राहकामुळे पडला की ऑनलाइन कामामुळे?

वाचनाची सुरुवात जाड पुस्तकांनी करू नका. तीन पेपर नीट वाचा. ब्रक्स आणि लेवाव यांचा २०२२ चा 'नेचर'मधला प्रयोग दाखवतो की व्हिडिओ कॉलवरच्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कल्पना कमी सुचतात, पण सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात त्या मागे पडत नाहीत. लिन, फ्रे आणि वू यांनी २०२३ मध्ये २ कोटी शोधनिबंध आणि ४० लाख पेटंट अर्ज तपासले. दूरदूरच्या टीमकडून मूलगामी शोध लागण्याची शक्यता त्यांना कमी आढळली. ब्लूम, हान आणि लियांग यांनी २०२४ मध्ये ट्रिप डॉट कॉमच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग मांडला: आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने कामगिरी घसरली नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. तिन्ही शेजारी ठेवले की कळतं, 'ऑनलाइन काम चांगलं की वाईट' हा प्रश्नच कच्चा आहे. कल्पना सुचणं, त्या निवडणं आणि रोजचं काम उरकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा प्रश्न यांपैकी कशाबद्दल आहे, ते वहीत एका ओळीत लिहा.

आता डेटा. इथे घाई करू नका.

भारतीय पेटंट कार्यालयाचं शोध-संकेतस्थळ सर्वांना मोफत आहे. पेटंट अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रकाशित होतो, त्यामुळे अलीकडच्या दोन वर्षांचे आकडे अपुरेच असतात. आलेख शेवटी घसरला म्हणून "इनोव्हेशन मंदावलं" असं लिहाल, तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडाल. दुसरी चूक पत्त्याची. अर्जदार कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबई-पुण्याला असतं आणि काम करणारा अभियंता सातपूरला. म्हणून जिल्हा ठरवताना अर्जदाराचा नव्हे, संशोधकाचा पत्ता घ्या.

पिनकोडने गाळणी लावताना तर खास जपा. ४२२ ने सुरू होणारे सगळे नाशिकचे, असं धरलं की मालेगाव (४२३२०३) आणि येवला (४२३४०१) गळतात. उलट संगमनेर (४२२६०५) आणि अकोले (४२२६०१) आत येतात, ते अहिल्यानगर जिल्ह्यात आहेत. पिन आणि तालुका यांची यादी हाताने करा. त्यात शहराच्या रोमन स्पेलिंगचे दोन्ही प्रकार घ्या, मधल्या 'एच'सह आणि त्याच्याशिवाय.

सर्वांत अवघड आहेत माणसांची नावं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकच पाटील कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण नावाने, कुठे आडनाव आधी लावून नोंदवलेला असतो. दत्तात्रय रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिलं जातं. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीचं आडनाव बदलतं आणि मधलं नावही. संगणकाला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. मग निष्कर्ष निघतो की स्त्रिया काही वर्षांत संशोधनातून बाहेर पडतात, आणि तो संपूर्ण खोटा असू शकतो. उपाय कष्टाचा आहे, पण आहे: नुसत्या नावावर जोडी लावू नका, सहसंशोधक, पत्ता आणि पेटंटचा तांत्रिक वर्ग यांपैकी किमान दोन जुळले तरच एक व्यक्ती माना. मग २०० जोड्या यादृच्छिक निवडून स्वतः तपासा. किती चुकीच्या जुळल्या आणि किती खऱ्या सुटल्या, हे दोन्ही आकडे पेपरमध्ये द्या. हे काम मराठी नावं ओळखणारा माणूस परदेशातल्या प्रयोगशाळेपेक्षा चांगलं करू शकतो, आणि हीच तुमची खरी जमेची बाजू आहे.

शोधनिबंधांच्या सहलेखनासाठी ओपनअॅलेक्स हा मोफत साठा आहे; सॉफ्टवेअरमधल्या सहकार्यासाठी गिटहब या एकत्र कोड लिहिण्याच्या संकेतस्थळाच्या २०११ पासूनच्या सार्वजनिक नोंदी जीएच अर्काइव्हमध्ये मिळतात. त्यांतल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. साडेपाच तास मिळवायला विसरलात तर रविवारी पहाटे पाचपर्यंतचं काम शनिवारच्या खात्यात जातं. स्वयंचलित बॉट आधी काढून टाका. आणि प्रोफाइलवरचं 'नाशिक' हे कधी कामाचं गाव असतं, कधी नुसतं जन्मगाव.

कारखान्यांच्या पेटंटसंख्येत बहुतेक ठिकाणी शून्य येतं. तिथे एक मिळवून लॉग घेण्याची सवय सोडा. त्यातून येणारा परिणामाचा आकडा, म्हणजे गुणांक, मोजण्याचं एकक बदललं की बदलतो. मोजून येणाऱ्या संख्यांसाठीचं पॉइसन रिग्रेशन वापरा.

स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर इनोव्हेशनची व्याख्या मनाने करू नका. ओईसीडी आणि युरोस्टॅटच्या ऑस्लो मॅन्युअलची, म्हणजे इनोव्हेशन कसं मोजावं याच्या मार्गदर्शिकेची, २०१८ ची चौथी आवृत्ती मोफत आहे. "तुम्ही नवीन काही केलं का?" असं विचारलं की प्रत्येक मालक हो म्हणतो. "मागच्या तीन वर्षांत, तुमच्या आधीच्या मालापेक्षा लक्षणीय वेगळं असं कोणतं उत्पादन बाजारात आणलं? नाव सांगा," असं विचारा. नाव सांगता आलं नाही तर उत्तर नाही समजा.

नमुना किती हवा, याचं गणित आधी करा. दोन गटांत ०.२ प्रमाण विचलनाइतका फरक ८० टक्के शक्तीने (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ४०० जण लागतात. पण गट गावागावाने पाडले, प्रत्येक गावात २० जण घेतले आणि गावातल्या उत्तरांचं परस्परसाम्य ०.०५ असेल, तर १ + (२० − १) × ०.०५ = १.९५, म्हणजे नमुना जवळपास दुप्पट. शंभर फॉर्म भरून आणून "परिणाम आढळला नाही" असं लिहिणं चूक आहे. तो आढळण्याची सोयच केलेली नव्हती.

द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर काम करायचं असेल तर वेळापत्रक बागेचं पाळा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चची काढणी यांत कोणी तासभर देणार नाही. पावसाळ्यातला निवांत काळ गाठा. गटातले मेसेज वापरण्याआधी सभासदांची संमती घ्या, अॅडमिनची पुरेशी नाही. २०१५ च्या सिंहस्थानिमित्त झालेल्या कुंभथॉनसारख्या, टीमने नव्या कल्पनांवर काम करण्याच्या उपक्रमांचा अभ्यास करताना टिकून राहिलेल्या टीमच सापडतात. सहभागींची मूळ यादी मिळाली नाही, तर 'यशाची कारणं' लिहू नका.

प्रवेशाचं थोडक्यात. नेटला दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) नसेल तर नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशात ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरतात. हे गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप वेगळ्या. जाहिरात आली की जात प्रमाणपत्रासारखी कागदपत्रं तयारच हवीत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणून सरांना किंवा मॅडमना भेटताना जागा रिकामी आहे का, हे आधी विचारा. पुण्याची गोखले संस्था, मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज इथेही अर्ज करा.

बाहेरच्या प्राध्यापकाला ईमेल लिहिताना आयुष्याचा आलेख नको. चार ओळी पुरतात: त्यांच्या पेपरमधला कोणता तक्ता तुम्ही पुन्हा काढून पाहिला, आकडे कुठे जुळले, कुठे नाहीत, आणि तुमचा कोड कुठे पाहता येईल. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्या, मग थांबा.

पैसे घेऊन दहा दिवसांत छापणाऱ्या जर्नलपासून लांब राहा. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यापासून त्यांचे मेसेज वाढू शकतात. जर्नलच्या मागच्या दोन अंकांतले पेपर वाचून पाहा. त्यांचा दर्जा तुमच्या गाइडला दाखवता येईल असा नसेल, तर पाठवू नका. पहिला मसुदा मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात मांडा, मग इंग्रजीत वर्किंग पेपर करून जर्नलकडे पाठवा. पाठवण्याआधी सगळा कोड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर एकदा चालवा. मूळ फाइलपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत मध्ये कुठेही हाताने एक्सेलमध्ये काही बदललेलं असेल, तर तिथेच तो अडतो. ती पायरी कोडमध्ये लिहा आणि पुन्हा चालवा.