कपाशीच्या फवारणीतली विषबाधा : ओळखायची कशी, पहिल्या तासात करायचं काय

ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर सरेपर्यंत विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी छातीवर आलेली असते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि मागोमाग गुलाबी बोंडअळी अशी रांगच लागते, आणि फवारा थांबत नाही. २०१७ साली याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या हंगामात अनेक शिवारांत कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती. नोझल वर धरून मारलेला फवारा तोंडावर, मानेवर, काखेत उतरत होता. त्या माणसांनी विष प्यायलं नव्हतं. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात गेलं.

अशा वेळी जीव वाचवायला वेळ असतो. तो वाया जातो तो ‘ऊन लागलं असेल, थोडं पडू द्या’ या एका वाक्यापायी. फवारा मारणारा माणूस त्या दिवशी किंवा त्या रात्री आजारी पडला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती विषबाधाच समजा.

लक्षणं कशी वाचायची

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, ऍसिफेट ही सगळी ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं. मोनोक्रोटोफॉसही त्यातलंच. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने २०२३ मध्ये बंदीचा आदेश काढला, तरी जुनी बाटली कोठ्यात असेल तर आधी ती बाजूला काढा. मज्जातंतूने दिलेला निरोप काम झालं की पुसून टाकायला शरीरात कोलिनएस्टरेज नावाचं विकर असतं. ही औषधं ते बंद पाडतात. निरोप पुसलाच जात नाही, म्हणून ग्रंथी पाझरत राहतात आणि स्नायू फडफडून शेवटी थकून लुळे पडतात.

सुरुवात साधी असते: डोकं जड, गरगरणं, मळमळ, अंधुक दिसणं, छाती आवळल्यासारखी. मग तोंडाला सारखं पाणी सुटतं, घामाने अंग निथळतं, उलटी, पोटात कळ, पातळ शौच, कधी कपड्यातच लघवी. पापणी, गाल, दंड किंवा मांडीचं मांस बारीक फडफडताना दिसतं. पुढे छातीत घरघर आणि तोंडाला फेस येतो. तो फेस म्हणजे फुप्फुसात साचलेलं पाणी. माणूस त्यातच गुदमरतो.

एक खूण शेतातच पाहता येते. माणसाला झाडाच्या दाट सावलीत न्या आणि डोळ्यातली काळी बाहुली पाहा. सावलीत बाहुली मोठी व्हायला हवी. या विषबाधेत ती टाचणीच्या टोकाएवढी बारीकच राहते. शेजारी धडधाकट माणूस उभा करून दोघांचे डोळे पाहिले की फरक लगेच कळतो. उष्माघातात अंग तापलेलं आणि तोंड कोरडं असतं. इथे तोंड भरून येतं, माणूस सारखा थुंकतो. मात्र बाहुली बारीक नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींची बाहुली सुरुवातीला नेहमीसारखी असते, मिश्र औषधात तर चित्र आणखी गोंधळाचं होतं.

सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन अशा पायरेथ्रॉइड औषधांनी चेहऱ्याला मुंग्या येतात, आग होते. ती बहुधा दिवसभरात उतरते. फिप्रोनिलमध्ये झटके येण्याची भीती जास्त. बाजारात ४० टक्के प्रोफेनोफॉस आणि ४ टक्के सायपरमेथ्रिन अशी जोडऔषधंही आहेत. तिथे ‘चेहऱ्याचीच आग होतेय’ म्हणून थांबायचं नाही, आत ऑर्गेनोफॉस्फेट आहे.

तणनाशक पॅराक्वाटची गोष्ट वेगळी. गळक्या पंपातून पाठीवर ओघळलं तर कातडी सोलते, तोंडात गेलं तर जीभ-ओठ सोलतात. माणूस मात्र एक-दोन दिवस बरा दिसतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं आतून बिघडत जातात. पॅराक्वाट तोंडात गेलं असेल किंवा कातडी सोलली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठा.

‘रोज मारतो, मला काही होत नाही’ असं सांगणाऱ्या मजुरांची काळजी जास्त वाटते. बंद पडलेलं विकर नव्याने भरून येतं ते फार सावकाश, रक्तपेशींतलं तर साधारण दिवसाला एक टक्का. पंपामागे मजुरी असली की माणूस सलग पाच-सहा दिवस फवारतो आणि रोज थोडं थोडं विकर घटत जातं. पहिल्या दिवशी सोसलेली तीच मात्रा सहाव्या दिवशी त्याला आडवं करते. म्हणून फवारणाऱ्याला आळीपाळीने बदला. सलग दुसऱ्या दिवशी डोकं दुखत असेल तर त्याच्या पाठीवर पंप देऊ नका.

पहिला तास

आधी माणसाला फवारलेल्या पट्ट्यातून वारा जिकडून येतो त्या बाजूला मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन लावा आणि ‘फवारणीची विषबाधा’ हे शब्द स्पष्ट सांगा. गाडी येईपर्यंत धुणं सुरू करा. श्वास घरघरत असेल आणि वाहन दारात उभं असेल तर मात्र कपडे उतरवून लगेच निघा, उरलेलं तिकडे धुतील.

धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. रोग्याचे सगळे कपडे काढा, करदोटा, घड्याळ, पट्टा, चप्पलसुद्धा. लाज धरून ओली बनियन अंगावर ठेवली तर तिच्यातून विष मुरतच राहतं. शेतातली मोटार चालू करा, साबण लावून गार, भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. गरम पाणी नको. कातडीचा रक्तप्रवाह वाढून विष जास्त ओढलं जातं. घासून ओरखडे पाडू नका. केस, दाढी, कानामागची जागा, नखं, काख, बेंबी, जांघ इथे विष दडून राहतं, तिथे दोनदा साबण लावा. डोळ्यात उडालं असेल तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची बारीक धार निदान पंधरा मिनिटं सोडा. पाण्यानेच धुवा, दूध किंवा गुलाबपाणी घालू नका.

मग अंग पुसून, कोरड्या कपड्यात गुंडाळून डाव्या कुशीवर निजवा, तोंड थोडं खाली, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. उताणं अजिबात ठेवू नका.

मिठाचं पाणी, दूध, तूप, चिंचेचं पाणी, लिंबू, कांद्याचा रस यांतलं काहीही देऊ नका, घशात बोटं घालून उलटी करवू नका. बहुतेक ईसी, म्हणजे पाण्यात मिसळताच दुधाळ होणारी औषधं पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेली असतात. उलटीबरोबर तो द्रावक फुप्फुसात गेला की जळजळीचा न्यूमोनिया होतो. शिवाय अर्धवट शुद्धीतला माणूस नीट गिळू शकत नाही. झटके येत असतील तर तोंडात चमचा किंवा चप्पल कोंबू नका, डोकं आपटणार नाही एवढं पाहा. श्वास थांबला आणि माणूस हालचाल करत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, दोन इंच खोल दाब देत राहा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

निघताना बाटली किंवा पुडा सोबत घ्या. पिशवीत घालून न्या, नाहीतर लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. लेबलवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण जहालपणा सांगतो, उतारा मात्र घटकाच्या नावावर ठरतो. एक उदाहरण पुरे: ऑर्गेनोफॉस्फेटमध्ये प्राणवायू जीव वाचवतो, आणि पॅराक्वाटमध्ये तोच प्राणवायू गरज नसताना दिला तर फुप्फुसाची हानी वाढवतो. पंपात दोन कीटकनाशकं, एक टॉनिक आणि विद्राव्य खत एकत्र मारलं असेल तर चारही नावं सांगा. किती वाजता सुरुवात केली, किती पंप मारले, त्रास कधी सुरू झाला, हेही. नवी दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास माहिती देतं. गावातल्या डॉक्टरांनाही तिथे विचारता येतं.

घरात कुणी औषध प्यायलं असेल तर ‘फवारताना लागलं’ असं सांगू नका. पोटातल्या विषाची मात्रा आणि उपचार वेगळे असतात. पोलिसांच्या भीतीने लपवण्याचं कारण नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतो आणि शिक्षेपासून संरक्षण देतो. मन खचलेल्याला, घरच्यांनाही, टेली-मानसच्या १४४१६ वर बोलता येतं. अशा घरात औषधाच्या कोठ्याला कुलूप हवं आणि किल्ली दुसऱ्याकडे.

दवाखान्यात काय होतं, काय व्हायला हवं

हा भाग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मंडळींसाठी आणि उशाशी बसणाऱ्या नातेवाइकांसाठी. श्वासमार्ग मोकळा करून प्राणवायू सुरू झाला की लगेच ॲट्रोपिन, ऑर्गेनोफॉस्फेटवरचा पहिला उतारा. कोलिनएस्टरेजच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवावं, पण अहवालासाठी सुई थांबवू नये.

मोठ्या माणसाला पहिला डोस १.८ ते ३ मिलिग्रॅम शिरेतून, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ते पाच कुप्या. पाच मिनिटांनी फरक नसेल तर दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी त्याच्या दुप्पट. ३, ६, १२ असे तीनच डोस झाले तरी २१ मिलिग्रॅम, म्हणजे ३५ कुप्या लागतात. दहा-वीस कुप्यांच्या साठ्यावर एक रोगीही निभत नाही. फवारणीच्या पट्ट्यातल्या केंद्रात या दिवसांत शंभराच्या वर कुप्या हव्यात.

थांबायचं कधी? छातीतली घरघर आणि सूं-सूं गेली, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, काखा कोरड्या आणि बाहुली टाचणीएवढी राहिली नाही, तेव्हा. यात छाती सगळ्यांत महत्त्वाची. नुसती बाहुली मोठी झाली म्हणून ॲट्रोपिन थांबवलं आणि फुप्फुसात पाणी तसंच राहिलं, ही चूक जिवावर बेतते. नाडी आधीच जलद आहे म्हणून ॲट्रोपिन नाकारणं हीसुद्धा चूकच. गुदमरलेल्या माणसाची नाडी जलद असू शकते. उतार पडला की एकूण लागलेल्या मात्रेच्या दहा ते वीस टक्के दर तासाला सलाइनमधून चालू ठेवतात. २१ मिलिग्रॅम लागले असतील तर ताशी साधारण २ ते ४. मग रोगी बडबडू लागला, हवेत काही पकडू लागला, अंग तापलं, पोटाचा आवाज बंद झाला आणि लघवी अडली, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. नातेवाईक घाबरून त्याला खाटेला बांधतात. तसं न करता सिस्टरला बोलवा, मात्रा कमी करून तो शांत होतो.

प्रॅलिडॉक्झिम हा दुसरा उतारा ॲट्रोपिननंतरच. किलोमागे ३० मिलिग्रॅम वीस-तीस मिनिटांत सावकाश, पुढे ताशी किलोमागे ८ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम आणि मग ताशी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. झटकन टोचलं तर हृदय थांबू शकतं. प्रोफेनोफॉसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून ‘ते इंजेक्शन मिळालं नाही’ म्हणून धीर सोडू नका. झटक्यांना डायझेपाम. पोट धुणं प्यायलेल्या रोग्यालाच, तेही लवकर आणि श्वासनलिका सुरक्षित करूनच; फवारणीतल्या रोग्याला नळी घालण्यात अर्थ नाही.

आता घाई नडते ती जागा. दुसऱ्या दिवशी रोगी चहा पितो, बोलतो, आणि घरचे सुट्टी मागतात. पण विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगा. डोकं उचलता आलं नाही, तर श्वास थांबण्याआधीची ती सूचना आहे. कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या ठिकाणी तातडीने हलवा. चार दिवस पुरे होईपर्यंत सही करून घरी नेऊ नका.

पंप पाठीवर घेण्याआधी

सगळ्यांत घातक क्षण बाटली उघडण्याचा. लिटरला २ मिली मात्रेचं औषध पंपात ५०० पट पातळ होतं. बाटलीतला थेंब हातावर पडला तर तो ५०० पट तीव्र असतो. मोजमाप आणि ढवळणं रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घालून, काठीने करा. कापडी मोजे नकोत, ते भिजून विष कातडीला धरून ठेवतात. उंच कपाशीत फवारा वर मारताना मोजा बाहीच्या वर चढवून त्याची कड बाहेर दुमडा, नाहीतर ओघळ थेट काखेत जातो.

औषध भरण्याआधी पंपात साधं पाणी भरा, पाठीवर घ्या आणि वाका. पाठ ओली झाली तर झाकणाचं वायसर बदला. पाठीला खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक बांधा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, पाण्यात बुडवून जुन्या दातघाशीने साफ करा. खर्रा, विडी, तंबाखू बांधावरसुद्धा नको. हात दोनदा साबणाने धुतल्याशिवाय तोंडाकडे नेऊ नका. दुपारच्या उन्हात घामाने भिजलेली कातडी विष जास्त शोषते, म्हणून सकाळी किंवा ऊन कललं की, वारा पाठीशी घेऊन मारा. फवारलेल्या शेतात लेबलवर दिलेल्या मुदतीआधी निंदणाऱ्या-वेचणाऱ्या बायांना पाठवू नका.

एकदा विषबाधा झालेल्याने त्या हंगामात पुन्हा पंप धरू नये, औषध कालवूही नये. पुढच्या वर्षी धरण्याआधी शक्य असेल तिथे कोलिनएस्टरेजची तपासणी करून घ्यावी. दोन-तीन आठवड्यांनी पायाला मुंग्या आल्या, पाऊल घसटत पडू लागलं, तर ते थकव्यावर न ढकलता जिल्हा रुग्णालयात दाखवावं. काही ऑर्गेनोफॉस्फेट मज्जातंतूंना उशिरा इजा करतात.