वयाच्या चार वर्षं पुढे असलेलं मूल: काय करायचं, काय टाळायचं

पहिलं काम म्हणजे त्याचा व्हिडिओ न काढणं. पाच वर्षांचं मूल चौथीची गणितं सोडवतंय हे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावंसं वाटतं, ते साहजिक आहे. पण अशा मुलांचं पुढे काय झालं याच्या नोंदी वाचल्या की प्रसिद्धीची धास्ती वाटते. अमेरिकेतला विल्यम सिडिस १९०९ साली अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला. पुढच्याच जानेवारीत त्याने तिथल्या गणितज्ञांपुढे चतुर्मितीतल्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं आणि वार्ताहर मागे लागले ते कायमचेच. सोळाव्या वर्षी पदवी, ह्यूस्टनला काही महिने शिकवणं, मग ते सोडून साध्या कारकुनी नोकऱ्या आणि ट्रामची बदली-तिकिटं (एका ट्राममधून दुसरीत जाताना चालणारी) जमवण्याचा छंद. १९३७ मध्ये एका साप्ताहिकाने त्याचं हे शांत आयुष्य चव्हाट्यावर मांडलं. त्याने खासगीपणासाठी दावा लावला आणि १९४० मध्ये तो हरला, कारण एके काळी गाजलेल्या माणसाचं पुढे काय झालं यात लोकांना रस असणारच, असा निकालाचा रोख होता. १९४४ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला, वय ४६. त्याचा बुद्ध्यांक २५० ते ३०० होता असं सर्रास लिहिलं जातं. त्या आकड्यामागे कुठल्याही चाचणीची नोंद नाही.

आकड्याचं एवढ्यासाठी सांगितलं की घरात बहुधा पुढचा प्रश्न तोच येतो: चाचणी करून घ्यायची का? शाळेला कागद हवा असेल, किंवा मूल हुशार दिसतं पण लिहिताना-वाचताना अडतं असं असेल, तर जरूर करा. नुसत्या कुतूहलापोटी नको. सहा वर्षांच्या आत आलेला आकडा बराच हलतो. चाचणी मानसशास्त्रज्ञाने एकट्या मुलाला समोर बसवून घेतलेली हवी. मोबाइलवरच्या चाचण्यांना काही अर्थ नाही.

आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांवर बेतली गेली. तिचा हिशोब जुन्या पद्धतीचा: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले १००. पाच वर्षांचं मूल आठ वर्षांच्या मुलाइतकं करत असेल तर १६०. वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या धर्तीवरच्या चाचण्या, ज्यांचं एक भारतीय रूप मालिन यांनी नागपूरला तयार केलं, मुलाला त्याच वयाच्या इतर मुलांशी ताडून बघतात. तिथे सरासरी १००, आणि १३० च्या वर साधारण ४४ मुलांत एक. त्यामुळे एका ठिकाणी १६० आणि दुसऱ्या ठिकाणी १३८ आलं तर मुलाची बुद्धी कमी झाली असं समजू नका, मोजपट्टी बदलली. अहवालात चाचणीचं नाव, आवृत्ती, उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण आणि आकड्याची वरखाली मर्यादा लिहून मागा. एकच एकूण आकडा लिहिलेला कागद शाळेच्याही उपयोगाचा नसतो.

त्याहून कामाची तपासणी घरी होते. बालभारतीची पुढच्या चार इयत्तांची गणिताची पुस्तकं आणा. प्रत्येक पुस्तकातल्या वेगवेगळ्या सरावसंचांतून २० उदाहरणं निवडा, काहीही न शिकवता द्या, अर्धा तास. एका दिवशी एकच इयत्ता. १६ किंवा जास्त बरोबर आली तर वरचं पुस्तक. १० ते १५ आली तर मुलाची खरी इयत्ता ती. १० च्या खाली आली की थांबा. उत्तर बरोबर आलं तरी प्रत्येक चौथ्या उदाहरणाला विचारा, "कसं काढलंस?" ३६ गुणिले २५ ला एक मूल हातचे धरून उभी मांडणी करतं आणि ९०० लिहितं. दुसरं क्षणभर वर बघतं आणि म्हणतं, "चार पंचवीस शंभर, छत्तीसमध्ये नऊ वेळा चार, म्हणून नऊशे." दोघांचं उत्तर तेच, पण पुढे नेण्याजोगी समज दुसऱ्याची आहे, पहिल्याला कदाचित कुणी फक्त रीत शिकवली असेल. मराठी वाचनासाठी हेच करा, पण तिथे उतारा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून गोष्ट सांगायला लावा. अस्खलित वाचणं आणि कळणं यांत लहान वयात मोठी दरी असू शकते.

विषयवार निकाल बहुतेक वेळा वेडावाकडा येतो: गणित सातवीचं, मराठी चौथीचं, अक्षर पहिलीचं. शाळेतली व्यवस्था तशीच वेडीवाकडी लावायची असते, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. गणितज्ञ टेरेन्स ताओचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये तो आठ वर्षांचा असताना गणित आणि भौतिकशास्त्राला माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत बसायचा, इतर विषयांना खालच्या. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये त्याने १९८६ ला कांस्य, १९८७ ला रौप्य, १९८८ ला सुवर्ण मिळवलं. तरी आईवडिलांनी त्याला पूर्णवेळ विद्यापीठात ढकलायची घाई केली नाही. विसाव्या वर्षी डॉक्टरेट, २००६ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान. बुद्धी सिडिसकडेही होती. ताओच्या घरच्यांनी प्रत्येक विषयाला वेगळी गती ठेवली आणि मुलाला वेळ दिला.

मुख्याध्यापकांकडे जाताना "आमचं मूल कंटाळतं" एवढंच घेऊन जाऊ नका. घरच्या तपासणीचे कागद न्या आणि नेमकी मागणी करा: गणिताच्या तासाला दोन इयत्ता वर बसू द्या, सहा आठवडे, मग एकत्र बसून बघू. नकार बहुधा वेळापत्रकामुळे येतो, दोन वर्गांचे गणिताचे तास जुळत नाहीत. आठवड्यातले तीन तास जुळले तरी चालतं. उरलेल्या तासांना वरच्या वर्गाचं काम स्वतःच्या बाकावर करू द्यावं. वर्गशिक्षिकेला आधी विश्वासात घ्या. तिला वगळून वरून आदेश आणला तर त्याचा ताप मुलाला होतो.

अख्खी इयत्ता गाळायची असेल तर जूनमध्येच गाळा, मध्येच नको. मुलाची स्वतःची इच्छा हवी. ताई किंवा दादा त्याच वर्गात असेल तर ते करू नका, त्या घरात दोघांचंही बिनसतं. लिखाणाचा वेग मागे राहणार हे धरून चाला: सहा वर्षांचा हात आठ वर्षांच्या मुलाइतका भरभर चालत नाही. पहिल्या सत्रात काही उत्तरं तोंडी घेण्याची परवानगी मागून ठेवा. गाळलेल्या वर्षातले धडे मेच्या सुट्टीत करून घ्या, नाहीतर अपूर्णांकासारखं एखादं भोक राहतं आणि दोन वर्षांनी बीजगणितात पाय अडकतो. "लहान वयात मोठ्या मुलांत बसवलं की बिघडतं" ही भीती फार खोलवर आहे. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी १६० च्या वर बुद्ध्यांक असलेल्या ६० मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला. ज्यांना बऱ्याच इयत्ता पुढे जाऊ दिलं त्यांचं शिक्षण आणि मैत्री दोन्ही चांगली जमली. ज्यांना वयाच्या वर्गातच ठेवलं त्यांतले अनेकजण एकटे आणि शाळेला विटलेले निघाले.

एकटेपणा खरा आहे. मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ यांनी न्यूयॉर्कमध्ये १८० च्या वर बुद्ध्यांक असलेल्या १२ मुलांचा अभ्यास केला, त्यात हेच सतत दिसतं. सहा वर्षांचं मूल खेळाला इतके नियम लावतं की बाकीची पोरं निघून जातात. अशा मुलाला दोन प्रकारचे सवंगडी लागतात: मैदानात पळायला वयाचे, बोलायला समजेचे. समजेचे लोक बुद्धिबळाच्या वर्गात, वाचनालयात, ऑलिंपियाडच्या तयारीत भेटतात. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनीचं मोठं काम हेच आहे, तिथे आपल्यासारखे आणखी चाळीसजण आहेत हे मुलाला कळतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलाला रोज थोडं अडू द्या. ज्याला सातवीपर्यंत एकदाही अडलं नाही, त्याला अडल्यावर काय करायचं ते येत नाही. पहिलं चुकलेलं उदाहरण समोर आल्यावर ते खोडरबर कागद फाटेपर्यंत फिरवतं, पोट दुखतं म्हणतं, किंवा "हे फालतू आहे" म्हणून वही मिटतं. तो आळस किंवा उद्धटपणा नव्हे, भीती आहे. उपाय असा: रोज २० मिनिटं, एकच प्रश्न, असा की निम्म्या वेळा सुटणार नाही. न सुटलेला प्रश्न वहीत तारीख घालून ठेवायचा आणि आठवड्याने परत काढायचा. तुम्ही शेजारी बसा, पण इशारा देऊ नका. शाबासकी द्यायची ती किती वाटा करून बघितल्या त्याला. "तू जीनियस आहेस" हे वाक्य घरातून काढून टाका, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या दीड हजार तल्लख मुलांचा माग ठेवला. पुढे त्यांतल्या सर्वांत यशस्वी आणि सर्वांत कमी यशस्वी गटांची तुलना झाली, तेव्हा बुद्ध्यांकात जवळपास फरक नव्हता. फरक चिकाटीत, आत्मविश्वासात आणि घरच्या पाठबळात होता. टर्मन यांच्या निवडचाचणीत पात्र न ठरलेले भौतिकशास्त्रज्ञ शॉकली आणि अल्वारेझ, दोघांनाही पुढे नोबेल मिळालं.

एकाच विषयात वेड असेल तर बाकीचे विषय पास होण्यापुरते सांभाळावे लागतात, आपली व्यवस्था तशी आहे. रामानुजन यांची कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गणित सोडून बाकी विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच गेली. नावडत्या विषयांना रोज ४० मिनिटं ठरवून द्या, ती संपली की त्या विषयाबद्दल बोलू नका. शाळा अजिबातच जमत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करता येते, पण तिथेही किमान वय १४ आहे. तेव्हा दहाव्या वर्षी अभ्यासक्रम संपवलेल्या मुलाच्या हातात चार वर्षं मोकळी उरतात. ती बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासने भरू नका. एखादं वाद्य, पोहणं, एक परकी भाषा आणि गणितातला एखादा आडवाटेचा विषय, जसं की अंकसिद्धांत (पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास), एवढं त्या चार वर्षांत आरामात मावतं.