ट्रॉलीच्या मागच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं दिसतंय?

कापसाने वरपर्यंत भरलेली ट्रॉली जिनिंगच्या आवारात मागे घ्यायची म्हणजे आरशात नुसती ताडपत्री दिसते. म्हणून मागच्या फाळक्यावर कॅमेरा आणि स्टिअरिंगजवळ सात इंची स्क्रीन बसवायची. पण कधी कधी पांदणीने मागे येताना धुरा असतो डावीकडे आणि स्क्रीनवर दिसतो उजवीकडे. अशा वेळी हात उलटा फिरतो आणि चाक नालीत जातं.

आधी चित्र खरंच चुकीचं आहे का ते बघा. एका माणसाला ट्रॉलीच्या डाव्या चाकामागे, पाच-सहा पावलं लांब उभं करा आणि सीटवर नेहमीसारखं पुढे तोंड करून बसा. तो स्क्रीनवर डावीकडे दिसला तर चित्र बरोबर आहे. कॅमेऱ्याचं तोंड मागे आणि तुमचं पुढे, म्हणून त्याची उजवी बाजू ती तुमची डावी. रिव्हर्ससाठीचं चित्र आरशासारखं फिरवूनच दाखवावं लागतं. त्यामुळे मागच्या ट्रकची नंबरप्लेट उलट्या अक्षरांत दिसली तर घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी. अक्षरं सुलट करायच्या नादात चांगली सेटिंग बिघडवणारे बरेच असतात.

कॅमेरा खालचा वर करून बसवण्याचा उपायही करू नका. त्याने डावं-उजवं बदलतं, पण आभाळही खाली येतं. उलटा बसवणं म्हणजे चित्र अर्धा फेरा फिरवणं, आरसा करणं नव्हे.

पहिला प्रयत्न स्क्रीनच्या मेनूत करा. मेनूचं बटण दाबून मिरर, फ्लिप किंवा डाव्या-उजव्या बाणांचं चिन्ह शोधा. काही स्क्रीनवर हे बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. सोय सापडली तर काम तिथेच संपलं, कुठे काही कापायचं नाही.

मेनूत सोय नसेल तर कॅमेऱ्याच्या वायरकडे वळा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या केबलमधून बोटभर लांबीचे दोन बारीक लूप बाहेर आलेले असतात, बहुधा एक हिरवा आणि एक पांढरा. एक मिररचा असतो, दुसरा पार्किंगच्या रंगीत रेघांचा. कोणता कशाचा हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून डब्यातला कागद वाचल्याशिवाय कात्री लावू नका. मिररचा लूप अखंड असेल तर आरशासारखं चित्र आणि तोडला की साधं, अशी रचना सर्रास असते. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात साधं चित्र येत असेल, तर आधी बसवणाऱ्याने तो लूप तोडला आहे का ते टेपखाली बघा. तुटलेला सापडला तर दोन्ही टोकं सेंटीमीटरभर सोला, पीळ द्या, डाग द्या आणि हीटश्रिंक नळी चढवा. नुसती टेप गुंडाळली तर काळ्या मातीच्या चिखलात जोड गंजतो आणि एखाद्या सकाळी चित्र पुन्हा उलटतं. लूप कापायचाच असेल तर मधोमध कापा, म्हणजे चुकलं तरी जोडता येतो. त्यानंतर कॅमेऱ्याचा करंट बंद करून पुन्हा चालू करा. लूप जोडलेला की तोडलेला, हे बरेच कॅमेरे चालू होतानाच वाचतात.

मिरर एकाच ठिकाणी ठेवा. कॅमेऱ्यातही आणि स्क्रीनमध्येही केला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि चित्र होतं तिथेच येतं.

“वायर अदलाबदल कर, चित्र फिरतं,” असं टीव्ही दुरुस्त करणारी जुनी माणसं सांगतात. ते खरं आहे, पण डबा टीव्हीपुरतं. तिथे पिक्चर ट्यूबच्या मानेवर योक, म्हणजे किरण वळवणाऱ्या कॉइलींचं कडं असतं. त्यातल्या आडव्या कॉइलच्या दोन वायरी बदलल्या की किरण डावीकडून उजवीकडे जायच्या ऐवजी उलटा धावतो आणि चित्र आरशासारखं होतं. फक्त थोडं बाजूला सरकतं. घरी हा प्रयोग करू नका: ट्यूबच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि सेट बंद केल्यावरही तो दाब काही काळ टिकतो.

तुमची स्क्रीन एलसीडी, तिच्यात योकच नाही. चित्राची वायर जोडायच्या पिवळ्या आरसीए पिनची आतली आणि बाहेरची वायर बदलली तर चित्र फिरत नाही, ताळमेळ तुटून स्क्रीन काळी पडते किंवा चित्र ढवळून निघतं. पाल या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीत चित्राची एक रेघ 64 मायक्रोसेकंदांत येते, डावीकडून सुरू होऊन. ती उलटी दाखवायची तर आधी पूर्ण साठवून मागून पुढे वाचावी लागते आणि ते काम चिपचं. कॅमेऱ्यात किंवा स्क्रीनमध्ये ती सोय नसेल तर त्यातली एक वस्तू बदलणं हाच सरळ मार्ग. नवा कॅमेरा घेताना स्क्रीन कंपोझिट (जुना, टीव्हीसारखा सिग्नल) घेते की एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा), ते पाहा. जोडी जुळली नाही तर काळी किंवा पट्ट्यापट्ट्यांची स्क्रीन मिळते आणि दोष विनाकारण लूपवर जातो.

हलणाऱ्या आडव्या पट्ट्या इंजिन चालू झाल्यावरच येत असतील तर अर्थिंग बघा. हुकाच्या लोखंडावर भरवसा ठेवू नका. तिथे ग्रीस आणि माती असते. कॅमेऱ्याची निगेटिव्ह वेगळ्या वायरने स्क्रीनच्या निगेटिव्हपर्यंत आणा, पॉझिटिव्हवर एक अँपिअरचा फ्यूज घाला. ट्रॉली सोडता यावी म्हणून हुकाजवळ चार पिनचा, फिरकीचा कनेक्टर लावा आणि त्याचं तोंड खाली ठेवा.

स्क्रीनला दोन कॅमेरे असतील, उदाहरणार्थ हार्वेस्टरला एक पुढे कटरवर आणि एक मागे, तर पुढच्याला मिरर नको. मेनूतली सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी ठेवता येते का ते पाहा. येत नसेल तर स्क्रीनचा मिरर बंद ठेवून मागच्या कॅमेऱ्याच्या लूपवर काम भागवा.